माफीच्या साक्षीदाराची गोष्ट

सोलापूरच्या सात रस्त्यावरून विजापूरचा रस्ता दक्षिणेला निघतो. शहराच्या दुसऱ्या अंगाने तुळजापूरचा आणि हैदराबादचा रस्ता फुटतो. हैदराबादच्या वाटेला लागले की नळदुर्ग, मग उमरगा, मग हुमनाबाद. मोबाइलवर एकापाठोपाठ एक खून करणाऱ्यांच्या मालिका रात्र जागून बघणाऱ्या सोलापूरकराला आपल्या या आवडीचे मूळ लंडन-न्यूयॉर्कात असावे असे वाटते. प्रत्यक्षात या जातीच्या गोष्टींचा एक थेट पूर्वज याच रस्त्यांवर घोडा दामटत हिंडत होता. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलर १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला. पंधराव्या वर्षी मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडे कामाला म्हणून तो बोटीतून उतरला आणि तिथे निभाव लागेना म्हणून निजामाच्या फौजेत शिरला. कंपनी सरकारचे नोकर इथल्या माणसांपासून चार हात लांब राहत. टेलरने मात्र इथल्या भाषा उचलल्या आणि गावोगाव मुक्काम केले. विशीच्या आसपास त्याच्याकडे निजामाच्या नैर्ऋत्येकडील मुलखाची पोलिसी जबाबदारी आली. पुढे १८५३ च्या तहाने नळदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात आले, तेव्हा त्या जिल्ह्याचा कारभारही त्यानेच पाहिला. त्याची 'तारा' ही कादंबरी तुळजापुरात सुरू होते. सुरपूरकडचे लोक त्याला 'महादेव बाबा' म्हणत.

हुमनाबादच्या भागात असताना, १८२९ च्या सुमारास, त्याच्या कानावर विचित्र बातम्या येऊ लागल्या. वाटेच्या कडेला प्रेते सापडत, गळा आवळलेली. मेलेले कोण, कुठले, काही पत्ता नाही. गावच्या पाटलालाही माहिती नसे, कारण मेलेले परगावचे आणि मारणारेही परगावचे. सोलापूर इंग्रजांकडे, नळदुर्ग-हुमनाबाद निजामाकडे, मध्ये लहानमोठे जहागीरदार. एका हद्दीत खून करून दुसऱ्या हद्दीत गेले की चौकशी संपली. टेलर त्या धाग्याला हात घालणार तोच त्याला पलटणीत परत बोलावले गेले. पुढे या खुनी टोळ्यांचा, म्हणजे ठगांचा, छडा लावल्याचे श्रेय विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला मिळाले. ही चुटपुट टेलरला जन्मभर पुरली.

त्याला खरा धक्का बसला तो हिंगोलीत. तिथल्या छावणीत हरी सिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलरने स्वतः त्याच्याकडून खरेदी केली होती. मुंबईहून कापड आणायचे आहे, असे सांगून या गृहस्थाने एकदा अधिकाऱ्याकडे परवाना मागितला आणि तो मिळाला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि माल घेऊन तो वाटेत होता, हे हरी सिंगला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना, बैल हाकणाऱ्यांना मारले, सगळा माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघड्यावर विकला. पकडला गेल्यावर त्याने हे आपण होऊन सांगितले, आणि तेही एखादी नामी थट्टा सांगावी तसे. नसते सांगितले तर कोणाला कधीच कळले नसते. पुढे माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांनी छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पुरलेली प्रेते दाखवली. ते खड्डे उकरले जात असताना टेलर तिथे उभा होता.

या अनुभवातून १८३९ साली लंडनमध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही त्याची कादंबरी बाहेर पडली. ती इतकी गाजली, की राणी व्हिक्टोरियाने तिची छापली जाणारी पाने जशी तयार होतील तशी मागवून वाचली. तोवर विलायती वाचकाला खुनी माहीत होता तो भुताटकीच्या वाड्यातला नाहीतर फाशीच्या दोरखंडापुढे रडणारा. इथे तुरुंगात नीटनेटका बसलेला अमीर अली एका साहेबाला आपली हकिकत सांगतो. ७१९ खून त्याच्या नावावर आहेत. मधली बारा वर्षे कैदेत गेली नसती तर हजार पुरे झाले असते, अशी त्याची हळहळ! साहेब अधूनमधून शहारतो, पण गोष्ट थांबवत नाही. वाचकही थांबवत नाही.

टेलरची करामत तपशिलात आहे. प्रवाशांच्या काफिल्यात गोड बोलून शिरणारा तो सोठा. गळ्याला रुमाल लावणारा तो भुत्तोट. खड्डे आधीच खणून ठेवणारे ते लुघाई. मारायची जागा ठरलेली, इशारा ठरलेला, खुनानंतर भवानीच्या नावाने गूळ वाटण्याचा विधीही ठरलेला. रक्ताचा थेंब नाही. एखाद्या पेढीचा कारभार चालावा तसे हे सारे चालते, आणि वाचक नकळत कामातल्या सफाईला दाद देऊ लागतो. मग टेलर त्याला चपराक देतो. अमीर अलीला लहानपणी वाढवणारा इस्माईल हाच त्याच्या आईबापांचा खुनी निघतो. पुढे अमीर अली ज्या एका स्त्रीला मारतो, ती त्याची सख्खी बहीण असते.

अशा गोष्टींचे आकर्षण गुप्तहेराच्या हुशारीत आहे, असे सहसा मानले जाते. टेलरच्या कादंबरीत गुप्तहेर जवळजवळ नाहीच. ती पेलतो माफीचा साक्षीदार: जो पाप करून आला आहे, आता सुरक्षित बसला आहे आणि सगळे सांगायला तयार आहे. त्याच्याइतके आतले कोणाला माहीत असणार? आणि त्याच्याइतके रंगवून सांगायचे कारण तरी दुसऱ्या कोणाला असणार?

हा दुसरा प्रश्न इतिहासकारांनी बराच उशिरा विचारला. स्लीमनचा सगळा डोलारा माफीच्या साक्षीदारांवर उभा होता. जीव वाचवायचा तर नावे सांगायची. जितकी नावे, तितकी साक्षीदाराची किंमत. ठग होते, रुमालाने गळे आवळले जात होते, हे खड्ड्यांतल्या हाडांनी दाखवले. पण ठगी हा देशभर पसरलेला, पिढ्यानपिढ्या चालत आलेला एकच गुप्त पंथ होता, या समजुतीबद्दल किम वॅग्नर आणि राधिका सिंघा यांच्यासारख्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. सरकारला त्या काळी शंका नव्हती. १८३६ च्या कायद्याने, कोणी ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप देता येऊ लागली. अमुक माणसाला अमुक दिवशी मारले, हे दाखवण्याची गरज उरली नाही.

तिथून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा फार लांब नव्हता. गुन्हा रक्तातून उतरतो ही कल्पना आता कलमांत बसली. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात तिची अंमलबजावणी जोरात सुरू झाली. स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने विजापुरात अशा जमातींची वसाहत उभारली होती. तोच पुढे साऱ्या इलाख्यातल्या वसाहतींचा मुख्य अधिकारी झाला, आणि सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. सोलापूर निवडण्यामागे रोकडा हिशेब होता. १८७७ पासून इथे कापडगिरण्या होत्या आणि त्यांना हात हवे होते. कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांगगारुडी, भामटा अशा जमातींची कुटुंबे काटेरी तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही, दिवसा गिरणीत राबायचे. व्यवस्थापनात काही काळ अमेरिकन मराठी मिशनही होते, म्हणून शाळा होत्या, प्रार्थना होत्या. तार मात्र होतीच. मूल जन्मले की तेही यादीत.

टेलरच्या पुस्तकाशी हे ताडून पाहिले तर विपर्यास ठसठशीत दिसतो. त्याला भेटलेला खुनी पेढीवर बसणारा, साहेबाशी व्यवहार करणारा, परवाना मागितला की ज्याला तो मिळे असा माणूस होता. कायद्याने जेरबंद केले ते पालावर राहणाऱ्यांना. हरी सिंगसारख्यांसाठी कुठे कुंपण घातल्याचे ऐकिवात नाही.

मुंबई प्रांताने तो कायदा १९४९ मध्ये रद्द केला. देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो गेला. सोलापुरातला तो भाग अजून सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो.

मराठीतल्या छापील रहस्यकथेने मात्र हा काळोख बरीच वर्षे टाळला. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. त्यांचे झुंजार, धनंजय, काळा पहाड हे नायक इतके लखलखीत, की खलनायक त्यांच्यापुढे निव्वळ निमित्त ठरावा. नंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांत नव्या अंकासाठी नंबर लागत. खून भरपूर, पण शेवटच्या पानावर सगळा उलगडा होई आणि वाचक निवांत झोपी जाई. यात वाईट काही नाही. दिवसभर मागावर किंवा गिरणीत उभा राहिलेल्या माणसाला आणखी कशाची गरज असेल, असे समीक्षकांनी विचारायला हवे होते. त्यांनी ते विचारले नाही, आणि अर्नाळकर वाङ्मयेतिहासाच्या उंबऱ्याबाहेरच राहिले.

ही झोप मोडली ती बातम्यांनी. ऑगस्ट १९६८ मध्ये मुंबईत रमण राघव पकडला गेला. फुटपाथवर, झोपड्यांत निजलेल्यांची डोकी तो लोखंडी हत्याराने फोडत असे. बराच वेळ तो बोलेना. अखेर कोंबडीचे जेवण मागितले, ते मिळाले, आणि मग त्याने सांगायला सुरुवात केली. त्याची फाशी मानसिक आजारामुळे १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली. तो तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता आणि चारेक वर्षांनी परभणी जिल्ह्यातल्या मानवतचाही त्यांच्याकडेच आला. तिथे नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात लहान मुली आणि बायका एकापाठोपाठ एक मारल्या गेल्या. मागे गुप्तधनाचा हव्यास आणि बळीची अंधश्रद्धा होती. दुष्काळाने होरपळलेल्या मराठवाड्यात या बातमीने लोक संध्याकाळी मुलांना दाराबाहेर सोडीनात. तेंडुलकरांच्या लेखणीतून आणि अमोल पालेकरांच्या दिग्दर्शनातून त्यावर १९८१ मध्ये 'आक्रीत' हा चित्रपट आला.

मानवतचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९७७ मध्ये 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने निकाली निघाला. वकील मंडळी आजही तो काढतात, ते माफीच्या साक्षीदाराचा प्रश्न आला की. एकट्या त्याच्या शब्दावर शिक्षा देण्यास कायद्याची आडकाठी नाही, पण शहाणपण सांगते की त्याला स्वतंत्र पुराव्याचा आधार शोधावा, असे न्यायालयाने त्यात मांडले. स्लीमनच्या काळी हा दंडक इतक्या कसोशीने पाळला गेला असता, तर पुष्कळशा याद्या आखूड झाल्या असत्या.

त्याच सुमारास पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड घडले. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा बळी. करणारे चित्रकला महाविद्यालयातले विद्यार्थी. पेठांतून संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू दिसेना. खटल्याचा कणा पुन्हा एक माफीचा साक्षीदार, त्यांच्यातलाच. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यातल्या मुनव्वर शहाने कोठडीत लिहिलेले 'येस, आय अॅम गिल्टी' हे पुस्तक हातोहात खपले, आणि या प्रकरणावरच्या, नाना पाटेकरांच्या चित्रपटाचे नाव 'माफीचा साक्षीदार' असेच ठेवले गेले. नाव ठेवणाऱ्याला प्रेक्षक बरोबर कळला होता. पुणेकरांना धसका बसला तो, ही पोरे आपल्यातली, हॉटेलात शेजारच्या टेबलावर चहा पिणारी होती याचा. हिंगोलीच्या छावणीत टेलरला बसला तो हाच.

२०२४ मध्ये मानवतवर मराठी वेबमालिका आली. आशुतोष गोवारीकरांनी तीत रमाकांत कुलकर्णींची भूमिका केली आणि तिचा आधार कुलकर्णींच्या आठवणींचे पुस्तक होते. म्हणजे कथा पोलिसाच्या खुर्चीतून सांगितलेली. या प्रकारच्या गोष्टींत ती खुर्ची सर्वांत सोयीची, आणि थोडी कमी रंगतदारही.

गुन्ह्याच्या कबुलीजबाबाचे आणखी एक पुस्तक याच टापूत जन्मले. मालिका बघणाऱ्यांच्या यादीत ते सहसा येत नाही. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या जमातीला कायद्याने जन्मजात चोर ठरवले, तिच्यातल्या माणसाने प्रथमपुरुषी सांगितलेली ही हकिकत. खिसा कसा कापतात, पोलीस रात्री घरात शिरून काय करतात, मार खाऊनही नाव कसे सांगायचे नाही, हे सगळे तीत आहे. टेलरच्या साहेबासारखा समोर बसून ऐकणारा कोणी नाही, आणि बोलण्याच्या बदल्यात माफीचे आश्वासनही नाही. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.