बियाणे उगवले नाही? पेर मोडण्याआधी तक्रार करा

बारामती-इंदापूर भागात मका, कांदा किंवा हरभऱ्याची उगवण फसली की पहिली घाई दुबार पेरणीची होते. कालव्याचे आवर्तन आणि वाफसा थांबत नाही, हे खरे. पण पंचनामा होण्याआधी रान मोडले, तर भरपाईचा मुख्य पुरावाही त्यासोबत जातो. म्हणून पाळी घालण्यापूर्वी पुढील गोष्टी करा.

आधी कारण तपासा

कमी उगवण म्हणजे बियाणे सदोषच, असे नाही. खोल पेरणी, अपुरी ओल, पावसानंतर जमिनीवर धरलेली खपली किंवा मर यांमुळेही नांगे पडतात. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता अशी असते:

- संकरित मका : ९० टक्के
- हरभरा : ८५ टक्के
- ज्वारी : ७५ टक्के
- कांदा : ७० टक्के

म्हणजे कांद्याचे शंभरातले तीस बी उगवले नाही, तरी ते नियमात बसते. बियाणे शिल्लक असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात किंवा कागदात ठेवून मोजा. मक्याला सुमारे ७, कांद्याला १२ दिवस लागतात. मात्र सगळे बियाणे त्यात संपवू नका आणि तक्रार त्यासाठी थांबवू नका.

हे जपून ठेवा

- पक्के बिल. त्यावर वाण, लॉट क्रमांक व तारीख हवी. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे. पिशवी टॅगच्या बाजूने फाडू नका.
- शेतातील चार-पाच ठिकाणचे तारखेसह फोटो.
- सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, मशागत-खतांच्या पावत्या.

तक्रार कोठे करावी?

पंचायत समितीचे कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. पाहणीची सूचना विक्रेता व कंपनीला द्यावी, असे अर्जातच लिहा. दुकानात त्याच लॉटची सीलबंद पिशवी असेल, तर बियाणे निरीक्षकांना तिचा नमुना घेण्याची विनंती करा.

अहवालात फक्त ‘उगवण कमी’ एवढेच लिहिले असेल, तर कंपनी हवामानाकडे किंवा पेरणीच्या पद्धतीकडे बोट दाखवते. उगवणीचे प्रमाण आणि त्याचे कारण, दोन्ही स्पष्ट लिहून घ्या.

भरपाई कोण देते?

समितीचा अहवाल हा पुरावा आहे. भरपाईचा आदेश ग्राहक आयोग देतो. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले, की बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक मंचाकडे जाता येते. तपासणीसाठी शेतकऱ्याने बियाणे राखून ठेवलेच पाहिजे, अशी अपेक्षा धरता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. तरीही मूठभर ठेवलेले बरे. वाद लवकर मिटतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार :

- नुकसान झाल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी.
- तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. कंपनी परराज्यातली असली तरी चालते.
- खरेदीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइनही तक्रार करता येते.
- बियाण्याच्या किमतीसोबत मशागतीचा खर्च व बुडालेले उत्पन्न मागता येते.

सदोष माल परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य वाचून मागे फिरू नका.

रोपवाटिकेतून घेतलेली डाळिंब किंवा उसाची रोपे, कीटकनाशके आणि ठिबक संचाची जोडणी यांनाही ग्राहक कायदा लागू होतो. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

पंचनामा लांबत असेल आणि रान मोडावेच लागत असेल, तर तसे कृषी कार्यालयाला लेखी कळवा. पेरलेल्या क्षेत्राचा निदान एक पट्टा न मोडता पाहणीसाठी राखून ठेवा.