कोयता, चाकू आणि हत्यारांचा कायदा

दक्षिण कोंकणांत सकाळच्या वेळीं शेताकडे किंवा बागेकडे निघालेला गडी पाहिला, तर त्याच्या कमरेला आकडी आणि आकडीला कोयता अडकविलेला बहुधा आढळतो. मालवण, कुडाळ, वेंगुर्लें या बाजूस हें दृश्य इतकें नेहमींचें आहे कीं त्याकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं. शहाळें फोडावयाचें, झावळी तोडावयाची, कुंपणाची काठी तासावयाची, वाटेंत आडवा आलेला वेल छाटावयाचा, या सर्व कामांस हें एकच हत्यार; आणि हत्यार हा शब्दहि येथें लढाईचा नसून कारागिराच्या बोलींतला आहे. सुताराचीं हत्यारें, गवंड्याचीं हत्यारें, तसेंच शेतकऱ्याचें हें हत्यार. परंतु हाच कोयता २०२२-२३ च्या सुमारास पुणें शहरांत कांहीं तरुणांच्या हातीं गेला, आणि ‘कोयता गँग’ हे दोन शब्द घरोघर भयाचे झाले. लोखंड तेंच, मूठ तीच. मग एके ठिकाणीं जें पोटाचें साधन, तें दुसऱ्या ठिकाणीं गुन्ह्याचें साधन कसें झालें, आणि कायदा या दोहोंतील भेद कशावरून ओळखतो?

हा प्रश्न वकिलांवर सोपवून मोकळें होण्यासारखा नाहीं. ज्यांचीं मुलें शाळेंत जातात आणि ज्यांच्या बागेंत गडी कोयता घेऊन येतो, अशा प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे. त्याचें उत्तर आजच्या कलमांत सांपडतें खरें. पण तीं कलमें ज्या इतिहासांतून आलीं तो पाहिल्यावांचून त्यांचें मर्म कळत नाहीं. म्हणून आम्ही प्रथम इतिहासाकडे वळतों.

मराठेशाहीच्या काळीं शस्त्र बाळगणें हा गुन्हा तर नव्हताच, उलट कित्येक घराण्यांचा तो धंदा होता. १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हांपासून या किनाऱ्यावर गडकरी, शिपाई आणि आरमारी खलाशी यांची वस्ती वाढत गेली. अशा समाजांत राज्यकर्त्यापुढें शस्त्र कोणीं बाळगावें यापेक्षां शस्त्रधाऱ्यानें निःशस्त्र रयतेंत कसें वागावें, हा प्रश्न अधिक निकडीचा असतो. चिपळुणाजवळ हलवर्ण येथें छावणी करून राहिलेल्या लष्करास महाराजांनीं राज्याभिषेकाच्या सुमारास पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण बेतानें खर्चा, ती संपली म्हणजे तुम्ही कुणब्यांच्या घरीं दाणा, लांकडें, भाजीपाला आणावयास जाल, आणि मग रयतेस मोगल बरा वाटूं लागेल, असा त्याचा आशय आहे. तेवढ्यावर न थांबतां छावणींतील दिव्याची वातहि उंदरानें पळवून आग लागूं नये, इतकी बारीक काळजी त्यांत घेतली आहे. कलमें आणि शिक्षा यांची भाषा त्या पत्रांत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं शस्त्र त्याच्या माथीं संयमाचें ओझें अधिक, हें तत्त्व त्यांत स्वच्छ दिसतें.

इंग्रजी अमलाची दृष्टि निराळी होती. १७६५ सालीं इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें आणि पुढच्याच वर्षीं तो परत केला. १८१२ च्या तहांनीं मात्र करवीरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लें त्यांच्याकडे कायमचें गेलें. या तहांचा मुख्य रोख चांचेगिरीवर होता. त्यामुळें या किनाऱ्यावर हत्यारबंदीची पहिली झळ माणसांपेक्षां गलबतांस लागली. नंतर १८४४ सालीं करवीर राज्यांत सामानगडच्या गडकऱ्यांनीं बंड केलें. वंशपरंपरेनें चालत आलेल्या त्यांच्या जमिनी व हक्क काढून घेण्यांत आले, हें त्याचें मुख्य कारण. तें लोण सावंतवाडींत पोंचलें आणि औट्रामच्या फौजेनें १८४५ च्या आरंभीं मनोहर व मनसंतोष हे गड घेतल्यावरच शांत झालें. त्यानंतर तरवारीवर पोट भरणाऱ्या या वर्गाचे दिवस सरले.

पुढें १८५७ चा उठाव झाला, आणि सरकारच्या मनांत प्रजेच्या हातांतील शस्त्राविषयीं जो संशय होता त्यास कायद्याचें रूप आलें. त्याच वर्षीं एक, १८६० सालीं दुसरा आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ सालीं तिसरा, असे तीन कायदे झाले. यांतील शेवटचा तोच हत्यारांचा कायदा म्हणून तीन पिढ्यांस ठाऊक झाला. बंदुका व तोफा यांबरोबर तरवारी, खंजीर, संगिनी, भाले आणि धनुष्यबाण हीं त्यानें शस्त्रांत गणलीं. परवान्यावांचून सशस्त्र फिरण्यास तेराव्या कलमानें बंदी केली. आणि पंधराव्या कलमानें सांगितलेल्या प्रदेशांत कोणतेंहि शस्त्र परवान्यावांचून जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरला. युरोपियनांस नियमांनीं सूट मिळाली. या भेदामुळें प्रजेस लागलेला डाग कायद्याच्या अडचणीपेक्षां अधिक बोचत राहिला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. विळा, कोयता, घरांतील विळी (मालवणी बोलींत जिला आडाळो म्हणतात) किंवा गाबीत स्त्रीची मासळी कापण्याची सुरी यांचीं नांवें त्या यादींत नव्हतीं. तीं मोकळीं राहिलीं. परंतु तीं कायद्याच्या कक्षेबाहेर होतीं असें मात्र नव्हे. १८६० च्या दंडसंहितेनें दुखापतीचीं कलमें रचतांना भोंसकण्याचीं व कापण्याचीं साधनें सांगून झाल्यावर पुढें ‘हल्ल्याचें साधन म्हणून वापरल्यास मृत्यु येण्याचा संभव असलेली’ कोणतीहि वस्तु त्यांत ओढली. म्हणजे एकाच वर्षीं दोन कसोट्या जन्मास आल्या. एक कायदा वस्तूचें नांव विचारीत होता, दुसरा तिचा उपयोग विचारीत होता. आजचा कायदा या दोहोंच्या मिश्रणानें बनलेला आहे.

हत्यारांच्या कायद्याविरुद्ध काँग्रेसनें १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनांतच ठराव केला होता. १९३० सालीं याच जिल्ह्यांत शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रही रिकाम्या हातांनीं लाठीपुढें उभे राहिले. आणि दुसऱ्याच वर्षीं कराचीच्या अधिवेशनानें मूलभूत हक्कांच्या यादींत, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कहि नमूद केला. यांत वरवर विसंगति दिसते. पण ती खरी नव्हे. शस्त्र न उचलण्याचा निश्चय हा स्वतंत्र माणसाचा असतो, शस्त्र उचलण्याची मनाई ही परतंत्राची.

स्वराज्य आल्यावर हा हक्क घटनेंत घालावा अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनीं घटनासमितींत मांडली. डिसेंबर १९४८ मधील त्या चर्चेंत डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं. चोर-दरोडेखोरांसह प्रत्येकास असा सरसकट हक्क देणें इष्ट आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. आणि राष्ट्रावर संकट आलें असतां शस्त्र धरणें हें नागरिकाचें कर्तव्य मानावें, व्यक्तीच्या हक्कापेक्षां त्यावर भर द्यावा, असें त्यांचें म्हणणें होतें. घटनेच्या १९ व्या कलमांत एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण तो शांततेनें आणि शस्त्रांवांचून जमण्याचा. शिखांच्या कृपाणापुरती सोय पंचविसाव्या कलमांत निराळी केली आहे.

आतां आजच्या कायद्याकडे येऊं. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्रकायदा १९६२ पासून अमलांत आला. त्याच्या व्याख्येंत धारदार व प्राणघातक हत्यारें येतात. मात्र केवळ घरगुती अथवा शेतीच्या उपयोगासाठीं बनविलेल्या वस्तु तिच्यांतून स्पष्ट शब्दांनीं वगळल्या आहेत. नियमांत तरवार, खंजीर, भाला यांच्या पंक्तीस नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या बसविल्या आहेत. तेथेंहि घर, शेती, शास्त्र व उद्योग यांच्या कामाचीं साधनें सोडलीं आहेत. शिवाय अशा धारदार शस्त्रांस परवाना लागतो तो मुख्यतः सरकारनें चौथ्या कलमाखालीं जाहीर केलेल्या प्रदेशांत. दिल्लीस १९८० सालीं अशाच जाहीरनाम्यानें कळ दाबून उघडणाऱ्या चाकूंवर बंधन आलें, आणि तेथें माप तीन इंचांवर, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरांवर, उतरलें.

यावरून पुष्कळांची अशी समजूत होते कीं नऊ इंचांच्या आंतील सुरी घेऊन कोठेंहि फिरावें, कायदा आड येत नाहीं. ही समजूत घातक आहे. १९५१ चा पोलीस कायदा महाराष्ट्रांत चालू आहे, आणि त्याच्या ३७ व्या कलमाखालीं जिल्हा दंडाधिकाऱ्यास जाहीर हुकूम काढून शस्त्रें, सोटे, भाले, सुऱ्या, काठ्या, इतकेंच नव्हे तर शरीरास इजा करण्याच्या कामीं येईल अशी कोणतीहि वस्तु घेऊन फिरण्याची मनाई करतां येते. सणावारीं आणि निवडणुकांच्या वेळीं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत ‘मनाई हुकूम’ म्हणून जें छापून येतें तें हेंच. तो मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते, आणि विशेष कारण नोंदविल्यावांचून ती चार महिन्यांहून कमी करतां येत नाहीं. याच कायद्याच्या १२२ व्या कलमानें सूर्यास्त ते सूर्योदय या वेळांत गुन्ह्याच्या हेतूनें घातक हत्यार घेऊन आढळणें हाहि अपराध आहे. या दोन्ही ठिकाणीं इंचांचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

‘कोणतीहि वस्तु’ हे शब्द फार व्यापक आहेत, आणि खरी अडचण येथेंच आहे. शहरांतील गुंडास आवरावयास असे शब्द लागतात हें आम्हांस मान्य आहे. परंतु तेच शब्द माडाच्या बागेंतून संध्याकाळीं परतणाऱ्या गड्यासहि लागूं शकतात. त्याचें रक्षण कशानें होतें? कलमापेक्षां त्याच्या ओळखीनें. गांवचा पोलीसपाटील त्यास जाणतो, दुकानदार जाणतो, कोयता कशासाठीं आहे हें सर्वांस ठाऊक असतें. तोच गडी मजुरीसाठीं परक्या शहरीं गेला म्हणजे ही ओळख मागें राहते आणि कमरेला कोयता तेवढा उरतो. म्हणून कामावर ठेवणाऱ्यांनीं त्यास हत्यार गुंडाळून नेण्यास, कामावरून थेट घरीं जाण्यास, मिरवणूक, सभा अथवा बाजाराच्या गर्दींत तें न नेण्यास सांगणें, आणि मनाई हुकूम निघाला असल्यास त्याची खबर त्याच्या कानीं घालणें, हें त्यांचें कर्तव्य आहे. जो वर्तमानपत्र वाचतो त्यानें न वाचणाऱ्यास एवढें सांगावें, ही कांहीं मोठी अपेक्षा नव्हे.

शाळेची गोष्ट याहून नाजुक आहे. एके काळीं चाकू हें विद्येचेंच साधन होतें. बोरूनें लिहिण्याच्या दिवसांत बोरूचें टोंक तिरकें छाटावयास चाकू लागे. ज्याला बोरू तासतां येत नसे त्याचें अक्षर वळणदार होत नसे. इंग्रजींतील ‘पेननाईफ’ हें नांवहि पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडलें आहे. लोखंडी टांक आले, पेन्सिली आल्या, त्या तासण्याचीं निराळीं यंत्रें आलीं, आणि दप्तरांतील चाकूचें काम संपलें. काम संपल्यावर जी धार उरली ती मात्र शोभेची किंवा भीतीची. आज एखाद्या मुलाच्या दप्तरांत चाकू सांपडला तर तो कशासाठीं, या प्रश्नास बोरूच्या काळीं असलेलें सरळ उत्तर आतां उरलेलें नाहीं.

इंग्लंडांत १९८८ च्या कायद्यानें सार्वजनिक जागीं पातें घेऊन फिरण्यास बंदी केली, तींतून तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूस वगळलें, आणि १९९६ सालीं शाळेच्या आवारासाठीं स्वतंत्र कलम जोडलें. आमच्या शस्त्रकायद्यांत शाळेचें असें निराळें कलम नाहीं. येथें तो भार मुख्याध्यापकावर आणि पालकांवर पडतो, आणि त्यांचे हातहि कायद्यानें योग्य त्या ठिकाणीं बांधले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें मुलास मारतां येत नाहीं, आणि प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं. सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंहि कृत्य गुन्हा होत नाहीं. सात ते बारा या वयांत त्याची समज पाहिली जाते. आणि अठरा वर्षांपर्यंत प्रकरण गेलेंच तर तें २०१५ च्या कायद्याप्रमाणें बाल न्याय मंडळापुढें जातें. हें सारें पाहिलें म्हणजे कायदेकर्त्यांचा हेतु स्पष्ट होतो. मुलाच्या हातांतून चाकू काढून घ्यावा, पण मुलास टाकून देऊं नये.

मग राहतें काय? राहतें विचारणें. कोणाच्या भीतीनें आणलास, कोणास दाखवावयास आणलास, हे दोन प्रश्न घरीं आणि शाळेंत शांतपणें विचारले गेले, तर पुढचीं पुष्कळ प्रकरणें चौकीपर्यंत पोंचणार नाहींत. भीतीनें चाकू बाळगणारा मुलगा कोणाच्या तरी त्रासांत असतो, आणि ऐटीनें बाळगणाऱ्यास धारेची खरी ओळख झालेली नसते. कोंकणांतील शेतकऱ्याचें पोर लहानपणींच कोयता धरतें, पण तें बापाच्या नजरेखालीं, काम करतां करतां. मूठ दुसऱ्याकडे करून द्यावी, धारेनें कोणाकडे बोट दाखवूं नये, काम झालें कीं जागच्या जागीं ठेवावा, हे नियम त्यास कोणत्याहि कलमाआधीं पाठ होतात. खंडेनवमीस त्याच कोयत्यास गंध-फूल वाहिलें जातें, आणि दसरा उलटल्यावर तो पुन्हां आकडीला लागून कामावर जातो. शहरांतील आमच्या मुलांस हें शिक्षण घरांतून मिळत नाहीं. त्यांनीं धार पाहिलेली असते ती पडद्यावर. तें शिक्षण त्यांना देणें हें काम पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाचें नव्हे. तें आईबापांचें आणि शिक्षकांचें आहे, आणि तें त्यांनीं वेळींच हातीं घ्यावें.