दलित महिला मंडळे

दलित महिला मंडळे म्हणजे आंबेडकरी चळवळीतून वस्तीवस्तीत उभ्या राहिलेल्या, आपसांतला जिव्हाळा आणि लोकसेवा एकत्र सांभाळणाऱ्या स्त्रीसंघटना होत. डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण करून लुगडे नेसण्याच्या पद्धतीतील व दागिन्यांतील जातिदर्शक खुणा टाकून देण्यास सांगितले आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत जे महिला मंडळ स्थापन झाले त्याच्या अध्यक्षा रमाबाई आंबेडकर होत्या. नागपुरात एकेकाळी हमाली केलेल्या जाईबाई चौधरी यांनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा चालवली.

जुलै 1942 मध्ये नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क व बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी यांबरोबर गिरण्या, विडी कारखाने व नगरपालिकांतील कामगार स्त्रियांना भरपगारी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, तसेच गिरण्यांत स्त्रियांवर देखरेखीस स्त्रीच नेमावी, असे ठराव तेथे झाले. हे ठराव कष्टकरी बाईच्या दिवसाचा बारकाईने विचार करणारे आहेत. तुलनेसाठी पाहायचे तर, अमेरिकेत 1946 साली फिलाडेल्फियात मार्गारेट हॉकिन्स व सारा स्ट्रिकलंड स्कॉट यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांचा ‘द लिंक्स’ हा सेवा व मैत्रीचा क्लब काढला. त्याचे सभासदत्व मात्र निमंत्रणानेच मिळते आणि तो प्रामुख्याने सुस्थित स्त्रियांचा राहिला, तर दलित महिला मंडळे मजूर स्त्रियांच्याच बळावर चालली.

 तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यातही ही चळवळ पोचली होती; औरंगाबाद जिल्ह्यातील मक्रणपूर येथे 30 डिसेंबर 1938 रोजी आंबेडकरांच्या उपस्थितीत अस्पृश्यांची परिषद झाली. 1956 च्या बौद्ध धर्मांतरानंतर मराठवाड्यातील मंडळांचे केंद्र बुद्धविहार झाले. आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात पांढऱ्या साड्या नेसलेल्या स्त्रिया संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतात, आणि वाचन आटोपल्यावर भिशीचा हिशेब, म्हणजे दरमहा वर्गणी काढून ती आळीपाळीने एकेकीला देण्याचा व्यवहार, किंवा कुणाच्या बाळंतपणाची, आजारपणाची मदत ठरते. अशा कामाची नोंद कागदावर क्वचितच उतरत असल्यामुळे ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) हा ग्रंथ मोठ्या प्रमाणावर कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखतींवर उभा केला.