पाणी उंबरठा ओलांडण्याआधी

26 जुलै 2005, सकाळी 8:30
मंगळवार. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत नव्या दिवसाच्या पावसाची मोजणी सुरू झाली. शाळा भरल्या, लोकल धावत होत्या. कुर्ला, कलिना, मिठी नदीकाठच्या वस्त्या. तिथल्या बैठ्या घरांत आणि तळमजल्यांवर फ्रिज, धान्याचे डबे, पलंगाखालच्या ट्रंका, सगळा संसार जमिनीलगत मांडलेला. पुराचं संरक्षण तेव्हाही मिळत होतं, आगीच्या विम्यातच पूर मोडत असे. घेणारी घरं मात्र फार थोडी.

दुपारी 2:30
आभाळ फाटलं. पुढच्या तासाभरात 190 मिलिमीटर पाऊस. मुंबईची जुनी पर्जन्य गटारं ताशी 25 मिलिमीटर पाणी वाहून नेतील अशी बांधलेली, तीही ओहोटी असेल तर.

दुपारी 3:50
ओहोटी नव्हतीच. 4.48 मीटरची भरती होती. माहीमच्या खाडीत उतरायचं पाणी तुंबलं आणि मिठी वस्त्यांत शिरली. घरासाठी याच घटका मोलाच्या असतात. आधी माणसं वर न्यायची, मेन स्विच बंद करायचा, गॅसचा नॉब बंद करायचा. मग हाताशी येतील ती कागदपत्रं आणि दागिने. रोख रक्कम घरविम्यात धरत नाहीत. दागिने वेगळे नोंदवून घेतले असतील तरच त्यांची भरपाई मिळते.

संध्याकाळी 6:30
चार तासांत 481 मिलिमीटर. लोकल ठप्प, विमानतळ बंद, उपनगरांत अनेक ठिकाणी अंधार. माणसं छातीभर पाण्यातून घराकडे चालत निघाली. साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरहून जास्त माणसं गेली.

27 जुलै, सकाळी 8:30
चोवीस तासांची नोंद: सांताक्रूझ 944 मिलिमीटर, कुलाबा 73. एकाच शहरात!

पाणी ओसरल्यावर
गाद्या, कपाटं, भिजलेलं धान्य रस्त्यावर आलं. रोगराईच्या भीतीने ते लवकर हलवावंच लागतं, पण विमा असलेल्या घराचा क्लेम इथेच कमकुवत होतो. फेकण्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा. वस्तूंची यादी करा. कंपनीला त्याच दिवशी कळवा. फ्रिज, वॉशिंग मशिन कंपनीचा सर्व्हेअर बघेपर्यंत ठेवा. तलाठ्याचा पंचनामा झाला म्हणजे क्लेम नोंदला गेला, असा समज अनेकांचा असतो. तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. कंपनी आपला सर्व्हेअर वेगळा पाठवते.

1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणं बंधनकारक झालं. आग, पूर, भूकंप, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं तिच्यात येतं. वर्षानुवर्षं झिरपणारी ओल येत नाही. इमारतीसोबत घरसामानाचा पर्यायही घेतला की इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत सामान आपोआप धरलं जातं. म्हणजे 30 लाखांच्या पॉलिसीत सामानाचे 6 लाख. विमा रक्कम पुन्हा बांधकाम करण्याच्या खर्चावर ठरते, फ्लॅटच्या बाजारभावावर नाही. जमिनीची किंमत पुरात वाहून जात नाही. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत घराचा विमा निम्म्या किमतीचा असेल तर नुकसानही निम्मंच भरून मिळे. ही अट इथे काढून टाकली आहे, आणि सामान्य कुटुंबासाठी मला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो.

गृहकर्जासोबत बँकेने काढून दिलेली पॉलिसी मात्र स्वतः वाचा. काही पॉलिसींत फक्त भिंतींचा विमा असतो आणि हप्ते भरणाऱ्याला ते पाणी शिरल्यावर कळतं. क्लेम नाकारला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा, तिथे शुल्क नाही.

तळमजल्यावर राहत असाल तर येत्या जूनच्या आत आपली पॉलिसी बाहेर काढून वाचा. तिच्यात घरसामानाचा उल्लेख नसेल, तर याच आठवड्यात कंपनीला लिहा.