खसखशीचे हरवलेले फूल

दिवाळीत मिरजेच्या घराघरांत अनारसे खसखशीवर थापले जातात. फराळ आटोपला की डब्याच्या तळाशी चिमूटभर खसखस उरते. पाऊस उघडलेला असतो, कृष्णाकाठच्या काळ्या मातीला वाफसा आलेला असतो. हे दाणे परसात टाकून पाहावेत, असे कोणालाही वाटेल. पण तसे करणे हा गुन्हा आहे.

खसखस हे अफूच्याच झाडाचे बी. अफू निघते ती हिरव्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणाऱ्या चिकापासून. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि सरकार तिच्यावर जकात घेई. 1878च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्यावाचून लागवडीला बंदी आली. तीमागे व्यसनमुक्तीपेक्षा महसुलाची राखण अधिक होती. मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत, हे पुढेही चालूच राहिले. मिरज तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. ब्रिटिश मुलखातले कायदे तिथे आपोआप लागू होत नसत. 1948मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो फरकही मिटला.

आज लागू आहे तो 1985चा अमली पदार्थविरोधी कायदा. अफूच्या झाडाचे कापणीनंतरचे सगळे भाग त्याच्या कक्षेत येतात. व्याख्येतून वगळले आहे ते फक्त बी. म्हणून खसखस वाण्याकडे उघड मिळते, पण विनापरवाना पेरली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. लागवडीचे परवाने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांतच मिळतात.

मग बागेत दिसते ती पॉपी कोणती? ती बहुधा ‘शर्ली’. 1880च्या सुमारास इंग्लंडमधील शर्ली गावचे धर्मोपदेशक विल्क्स यांना शेतातल्या रानटी लाल पॉपीत पांढऱ्या काठाचे एक फूल दिसले. त्याचे बी राखून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी हा वाण घडवला. यातून अफू निघत नाही. पाकिटावर ‘सोम्निफेरम’ असे नाव असेल, तर मात्र ते बी खसखशीचेच. शर्लीचे बी बारीक. ते वाळूत मिसळून कार्तिकात थेट वाफ्यावर भुरभुरावे, वर माती जेमतेम टाकावी. सोटमूळ दुखावले की रोप जगत नाही, म्हणून पुनर्लागण न करता विरळणी करावी. माघाच्या सुमारास फुले येतात.

खसखशीची आणखी एक नातलग बिनपरवाना माजते: मेक्सिकोतून आलेला, रस्त्याकडेचा काटेरी पिवळा धोतरा. त्याच्या बियांची मोहरीत भेसळ झाली की माणसे सुजून दगावतात. त्याचे फूल सगळ्यांच्या ओळखीचे आहे. अनारशावरच्या दाण्याचे फूल मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेच नाही.