पस्तीस आणि अठ्ठावन्न

१९७० च्या दशकात मुंबईहून लंडनला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानात प्रवाशांना जेवण देणारे, पट्टे बांधले की नाही पाहणारे, आणीबाणीत त्यांना दाराबाहेर काढण्याचे शिक्षण घेतलेले स्त्री-पुरुष शेजारी शेजारी काम करत. पुरुष असिस्टंट फ्लाइट पर्सर, बाई एअर होस्टेस. तो ५८ व्या वर्षी निवृत्त होई आणि ती ३५ व्या.

तेही सगळे सुरळीत पार पडले तर. भरतीच्या वेळी ती अविवाहित असायला हवी. पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी गेली. चार वर्षे थांबून लग्न केले, तर पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी गेली. यांतले जे आधी घडेल ते लागू. पस्तिशीनंतर वैद्यकीय तपासणीत पास झाली, तर मॅनेजिंग डायरेक्टर एकेक वर्षाची मुदतवाढ देऊन तिला ४५ पर्यंत ठेवू शकत. पण तो तिचा हक्क नव्हता, साहेबांची मर्जी होती.

साधा हिशेब करून पाहू. दोघे २२ व्या वर्षी लागले असे धरले, तर त्याच्या वाट्याला ३६ वर्षांची नोकरी येते आणि तिच्या वाट्याला १३ वर्षांची. मधली २३ वर्षे म्हणजे नुसते तेवढे पगार नव्हेत. वेतनवाढी साठत जाण्याची, बढतीने वरच्या श्रेणीत पोचण्याची, भविष्य निर्वाह निधी फुगण्याची ती वर्षे. शिवाय विमानात काम करणाऱ्याच्या मिळकतीत उड्डाणाच्या भत्त्यांचा वाटा मोठा. उड्डाण थांबले की तेही थांबतात. एका महिन्याच्या दोन पगारपत्रकांची तुलना करून हे नुकसान कधीच मोजता आले नसते.

एअर होस्टेस नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नियमांना आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट १९८१ मध्ये आला आणि न्या. फझल अली यांनी तो लिहिला. गरोदरपणाची अट न्यायालयाने रद्द केली आणि हा भारतीय स्त्रीत्वाचा अपमान असल्याचे कठोर शब्दांत नोंदवले. मुदतवाढीचा मॅनेजिंग डायरेक्टरचा निरंकुश अधिकारही गेला.

पण चार वर्षे लग्न न करण्याची अट न्यायालयाला वाजवी वाटली. मुलगी तोवर अधिक परिपक्व होते, कुटुंबनियोजनालाही हातभार लागतो, अशी कारणे निकालात आहेत. आणि मुख्य प्रश्नावर, म्हणजे पुरुषाला ५८ तर बाईला ३५ का, यावर न्यायालयाने सांगितले की दोघांचे संवर्गच वेगळे आहेत: भरतीच्या अटी वेगळ्या, बढतीच्या वाटा वेगळ्या, म्हणून तुलना लागू नाही. हा युक्तिवाद आजही पटत नाही. संवर्ग वेगळे केले होते ते कंपनीनेच. भेदभावातून जी रचना उभी राहिली, तीच भेदभाव नसल्याचा पुरावा मानली गेली.

सरकारी सेवेच्या वरच्या पायऱ्यांवर तरी वेगळे काय होते? १९५१ मध्ये आयएएसमध्ये आलेल्या ॲना राजम जॉर्ज यांच्या नियुक्तिपत्रातच लग्न झाल्यास सेवा समाप्त होईल असे लिहिले होते. पुढे तो नियम गेला, त्यांनी लग्नही केले, आणि आपल्याकडच्या न्हावा शेवा बंदराच्या उभारणीची धुरा त्यांनीच सांभाळली. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा १९४९ पासून नोकरीत होत्या. त्यांच्या सेवेत बाईला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि संसार कामाच्या आड येतो असे सरकारला वाटले तर राजीनामा मागता येई. सर्वोच्च श्रेणीतली बढती नाकारली गेली तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने बढती दिली. १९७९ च्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांवर सडकून टीका केली आणि ते तपासून सुधारायला सांगितले. सर्वांत मोठ्या पगाराच्या खुर्च्यांवर बायका का दिसत नव्हत्या, याचे उत्तर त्यांच्या महत्त्वाकांक्षेत शोधण्याआधी ही नियमपुस्तके वाचायला हवीत.

एअर इंडियातली लढाई मात्र इंचाइंचाने चालली. १९८९ मध्ये सरकारने एअर होस्टेसना ५८ पर्यंत नोकरी दिली, पण उड्डाण ४५ पर्यंतच. पुढे ती मर्यादा ५० झाली. त्यानंतर जमिनीवरचे काम. पुरुष सहकारी मात्र ५८ पर्यंत उडत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये हा भेद चुकीचा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो निकाल फिरवला. त्यानंतर सरकारनेच बायकांना ५८ पर्यंत उडण्याची मुभा दिली. न्यायालयात हरलेली गोष्ट अशी सरकारी आदेशाने मिळाली.

तरीही केबिन कर्मचाऱ्यांतले सर्वांत वरचे पद, इन-फ्लाइट सुपरवायझरचे, पुरुषांसाठीच राखीव होते. बाईची सेवाज्येष्ठता कितीही असो, विमानात हुकूम पुरुषाचाच. २००५ च्या अखेरीस कंपनीने ते पद बायकांनाही खुले केले, तेव्हा काही पुरुष कर्मचारी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयात ते हरले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही. नर्गेश मिर्झा खटल्याच्या निकालाला तेव्हा ३० वर्षे होऊन गेली होती.

समान वेतनाचे आकडे आज अनेक कंपन्या अभिमानाने सांगतात. त्यांना आणखी दोन आकडे विचारले पाहिजेत: बायका सरासरी कितव्या वर्षी नोकरी सोडतात, आणि सर्वांत वरच्या श्रेणीत पोचेपर्यंत त्यांतल्या किती उरतात? हे दोन आकडे वार्षिक अहवालात छापणे कायद्यानेच बंधनकारक करावे.