बारा फोटोंचं लग्न

आज एका अशा वस्तूचा इतिहास सांगते, जी आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरात पेटीच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत पडून असेल. काळ्या जाड पानांचा अल्बम. दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद, फोटोंना चारही बाजूंनी कागदी कोपरे. आईच्या लग्नाचा, नाहीतर सासूबाईंच्या.

मोजून बघा, किती फोटो आहेत. माझ्या आईच्या अल्बममध्ये नऊ आहेत. रोल बाराचा होता, तीन वाया गेले.

हे बारा कुठून आले? तेव्हा फोटो फिल्मवर निघायचा. खेड्यापाड्यात जास्त चालायची ती रुंद फिल्म, तिला १२० नंबरचा रोल म्हणायचे. चौकोनी फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात त्या रोलवर बाराच फोटो बसत. आग्फा क्लिक थ्री हा साधा डबा कॅमेरा आपल्याकडेच, बडोद्याला तयार व्हायचा. त्याच्यावर उन्हाचं आणि ढगाचं चित्र असायचं. ऊन असेल तर इकडे, ढग असेल तर तिकडे, एवढीच काय ती अक्कल लागायची. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याकडे मात्र याशिका असायचा, छातीशी धरून वरून वाकून बघायचा. त्याच्या काचेत डावं ते उजवं दिसतं. म्हणजे नवरी ज्या बाजूला उभी, तिच्या बरोबर उलट्या बाजूला फोटोग्राफरला दिसायची, आणि तो "इकडे सरका, नाही, तिकडे" करत बसायचा. फिल्म परदेशातून यायची. मग सरकारनं १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला आणि काही वर्षांत 'इंदू' नावाची देशी काळी-पांढरी फिल्म बाजारात आली.

मोठ्या घरच्या लग्नात तीन-चार रोल संपायचे. पण मी बोलतेय लहान लग्नांबद्दल. बहात्तरच्या दुष्काळात थोडक्यात उरकलेली, देवळात लावलेली, आळंदीला जाऊन केलेली, घरच्यांचा विरोध पत्करून रजिस्टर ऑफिसात झालेली. वीस-पंचवीस माणसं, एक रोल. कधी तोही अर्धाच, कारण उरलेले सहा फोटो दुसऱ्याच कुणाच्या बारशाला वापरायचे असत.

यात एक गंमत होती. आपल्याकडे गोरज मुहूर्ताची हौस फार. गोरज म्हणजे दिवेलागणीची वेळ, नेमका उजेड जाण्याची. गावात वीज नाही, आणि त्या काळच्या फिल्मला तर लख्ख उजेड लागायचा. फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की फेकून द्यायचा, म्हणजे दर फोटोला वेगळा खर्च. मग पुष्कळ ठिकाणी असं व्हायचं की अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, लग्न लागलं, आणि त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पुन्हा हार घालून काढला! अल्बमात ऊन डोक्यावर आलेलं आणि सगळे डोळे बारीक करून उभे, ते त्यामुळे. नवरी रडून सुजलेली दिसते, तेही आदल्या रात्रीचं.

बाराच फोटो म्हटल्यावर कुणाचे काढायचे, हे आधी ठरायचं. ठरवायचे पुरुष. हार घालताना एक, मंगळसूत्र बांधताना एक, कन्यादान, सप्तपदी, मामांबरोबर, वरबापांबरोबर, गावच्या पाटलांबरोबर, वऱ्हाडाचा एकत्र. बायका कुठे? त्या चुलीपाशी. एकत्र फोटोत त्या मागच्या रांगेत, अर्धा चेहरा पदरात. आणि नवरीची आई विधवा असेल तर ती कुठेच नाही. मांडवाच्या दारात उभी राहून तिनं अक्षता टाकल्या असतील, पण कॅमेऱ्यासमोर तिला कुणी बोलावलं नाही आणि ती स्वतःहून गेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचा बोलबाला झाला. त्याच्या आधीच्या किती वर्षांची नोंद या अल्बमांत आहे, ती फोटोत नसलेल्या माणसांवरून वाचावी लागते.

आता मुद्द्याचं. या बारा फोटोंवर बाईचं बरंच काही अवलंबून असायचं. मोठ्या लग्नाला पाचशे साक्षीदार. लहान लग्नाला वीस, त्यातले दहा पुढे वारले, पाच मुंबईला गेले, उरलेले नवऱ्याच्या बाजूचे. लग्नाची नोंद म्हणाल तर ती करणारे थोडेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नोंदणीची सोय होती, पण नोंद नाही म्हणून लग्न रद्द होत नव्हतं. त्यामुळे कुणी तिकडे फिरकायचं नाही. मग नवऱ्यानं टाकलं, किंवा तो वारला आणि दीर म्हणाले "ही कोण?", की बाईच्या हातात काय उरायचं? पत्रिका असलीच तर ती, आणि अल्बम.

पण कुठला फोटो, यालाही महत्त्व होतं. त्याच कायद्यात म्हटलंय की ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे, त्यांचं लग्न सातव्या पावलाला पूर्ण होतं. महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पहिली बायको असताना एकानं गांधर्व पद्धतीनं दुसरं लग्न केलं. १९६५ साली तो सुटला. का, तर त्या दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून कायद्यानं ते लग्नच नाही! पहिलीला न्याय नाही, आणि दुसरी तर कुणाचीच बायको नाही. मला हा निकाल कधी पटलेला नाही. पण त्यामुळे एवढं कळतं की गळ्यात हार असलेला फोटो सुंदर असला, तरी काम सात पावलांच्या फोटोचं असायचं. पोटगीच्या दाव्यात लग्नाचा इतका काटेकोर पुरावा मागू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं पुढे १९९९ मध्ये सांगितलं. तोवर पुष्कळजणी हात हलवत परतल्या होत्या.

फोटो कोर्टात दाखवला की समोरचा वकील विचारायचा, "निगेटिव्ह कुठंय? काढणारा कुठंय?" कागदावरच्या फोटोत हातानं रंग भरता यायचा, कुणाचं डोकं कुणाला जोडता यायचं. काळ्या-पांढऱ्या फोटोत नवरीचा शालू हिरवा रंगवून देणारे कलाकार प्रत्येक तालुक्यात होते. निगेटिव्ह म्हणजे प्रत्यक्ष मांडवात कॅमेऱ्याच्या आत असलेली फिल्म. त्याला हात लावणं अवघड. पण निगेटिव्ह बहुधा स्टुडिओतच राहायची, पाकिटात, नंबर घालून. दुकान बंद झालं, मुलानं मोबाइलचं दुकान टाकलं, की पोती भरून निगेटिव्ह भंगारात. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं, आणि ती चांदी काढून घेणारे लोक होते. बायकांच्या लग्नाचे पुरावे असे किलोवर गेले.

एक फोटो मात्र पुरुषांनी निव्वळ मिरवायला काढला आणि तो बाईच्या उपयोगाचा निघाला. रुखवताचा. बाजेवर मांडलेली भांडी, घागर, परात, शिवणयंत्र. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं, नवऱ्याच्या घरी ठेवलं म्हणून ते त्याचं होत नाही. मग "माझं काय काय होतं" हे दाखवायला तो फोटो आणि भांड्यांवर कोरलेली नावं, यांच्याइतकी चांगली यादी दुसरी नाही.

१९९८ मध्ये महाराष्ट्रानं विवाह नोंदणीचा नवा कायदा केला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. आता ग्रामपंचायतीत अर्ज, तीन साक्षीदार, आणि सोबत लग्नाचा फोटो. म्हणजे फोटो गेला नाहीच. करोनात पुन्हा लहान लग्नं आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. तेव्हाचे फोटो मोबाइलमध्ये शेकड्यांनी आहेत. छापून घेतलेले किती, ते आपापल्या घरात बघा. शहरात काहीजण हल्ली घरगुती लग्नाला हौसेनं पुन्हा फिल्मवर फोटो काढून घेतात, छत्तीसचे रोल.

जुने अल्बम असतील तर एवढं करा. काळे-पांढरे फोटो टिकतात. ऐंशीच्या सुमाराचे रंगीत फोटो लालसर पडत जातात, त्यांची प्रत आधी करून घ्या. चिकट पानांच्या प्लास्टिक अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो. पुरात भिजले तर एकमेकांपासून खेचू नका. स्वच्छ पाण्यात ठेवून हळूच सुटे करा आणि सावलीत वाळवा. निगेटिव्ह सापडली तर ती फेकायची नाही, कागदी पाकिटात ठेवायची. आणि गटाच्या पुढच्या बैठकीला घरातल्या म्हाताऱ्या बाईला अल्बम घेऊन बोलवा. कोण कोण आहे ते तिला विचारून फोटोच्या मागे नाव, गाव, साल लिहा. पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.